सभा अजून चालू आहे

९ जानेवारी

ठकू,

तू दार न वाजवता परत गेलीस, पण बँकवालीने तुला जिन्यात पाहिलं. ती नेहमीप्रमाणे वर्गाला उशिरा येत होती. आत येऊन म्हणाली, "बाई, खाली एक मुलगी कठडा धरून उभी होती. पांढरीफटक पडली होती. बरं नाही का, विचारलं, तर उत्तर न देता धडाधड उतरून गेली." मी जास्त चौकशी केली नाही. आखूड केस आणि हिरवी पिशवी एवढं ऐकल्यावर चौकशी कशाला करायची?

तू काय ऐकलंस तेही मला ठाऊक आहे. बंद दारामागून तुझ्या बाबांचा आवाज आला. "बरं, पुढे," असं ते म्हणाले. त्यांना जाऊन दोन वर्षं होत आली असताना. तुझ्या जागी मी असते तर मीही पळाले असते.

तर आता ऐक. भूतबित काही नव्हतं, तुझी आई होती.

तुला माझा वर्ग म्हणजे थट्टेचा विषय. "आई बायकांना खुर्चीत बसायला शिकवते," असं तू तुझ्या मैत्रिणींना सांगतेस, मला कळलंय. पण या बायका काही रिकाम्या हाताने येत नाहीत. बँकवालीने आयुष्यभर शाखा चालवली. वकीलबाई आहे, रंगाच्या कारखान्यातली एक रसायनवाली आहे. कुठल्या ना कुठल्या कंपनीच्या संचालक मंडळावर त्यांची नेमणूक व्हायची आहे किंवा नुकतीच झाली आहे. ताळेबंद वाचायला त्याच मला शिकवतात. मी शिकवते ते बाकीचं. बैठकीचे कागद आले की आधी काय वाचायचं, आपला विरोध इतिवृत्तात कसा लिहून घ्यायचा, आणि कोणी मध्येच तोडलं तर आपलं वाक्य पुरं कसं करायचं.

त्यासाठी आम्ही जेवणाच्या टेबलाभोवती खोटी सभा भरवतो. अध्यक्ष मी. पहिलं वर्षभर मी फार गोड अध्यक्ष होते. सगळ्यांना बोलू द्यायचे, मान डोलवायचे. मग बँकवाली पहिल्यांदा खऱ्या सभेला गेली आणि तिथून थेट आपल्या स्वयंपाकघरात येऊन बसली. भल्याभल्यांकडून कर्ज वसूल केलेली बाई, डोळे भरून आलेले. म्हणाली, "बाई, तुमच्यासारखा अध्यक्ष तिथे कोणीच नाही हो. मी तोंड उघडलं की तो म्हणायचा, पुढचा विषय."

तेव्हाच ठरवलं की वर्गातला अध्यक्ष खऱ्यासारखाच असला पाहिजे. आणि मला आतून-बाहेरून ठाऊक असलेला अध्यक्ष एकच, तुझे बाबा. आपली लिफ्टची कंपनी दोन खोल्यांत होती तेव्हा त्यांच्या खुर्चीमागे बसून इतिवृत्त मीच लिहायचे. पुढे आयुष्यभर जेवायला समोर बसले. पहिल्या दिवशी गंमत म्हणून केलं. चष्मा कपाळावर, घशातली ती खाकर, आणि "बरं, पुढे." वकीलबाईच्या हातातलं पेन खाली पडलं. मग कोणीच हसलं नाही.

तुला सांगितलं नाही, कारण तू चिडली असतीस. आता न सांगता चिडलीस. माझ्या पदरात दोन्हीकडून तेच.

आई

२७ जानेवारी

ठकू,

तुझं उत्तर मिळालं. "हे बंद कर, आई." एवढंच. बाबांची मुलगी शोभतेस.

बंद करणार नाही. रसायनवालीची पहिली सभा पुढच्या महिन्यात आहे आणि ती अजून "मला वाटतं की कदाचित" अशी सुरुवात करते. तिला असं सोडलं तर तिथे तिला कोणी चहासुद्धा विचारणार नाही.

दुसरी गोष्ट. काकांचा फोन आला होता. तुझ्या बाबांच्या जागी अध्यक्ष झाल्यापासून ते मला एकदाही भेटायला आलेले नाहीत, पण फोनवर "वहिनी, वहिनी" करून तोंडाला फेस आणला. म्हणाले, मंडळावर एक स्त्री हवीच आहे, नियम आहे, मग बाहेरची कशाला, घरचीच असू दे. तुला विचारलं आहे म्हणे. तू विचार करून सांगते म्हणालीस म्हणे. आणि हे मला काकांकडून कळावं?

त्यांना तू का हवी आहेस, ते तुला कळत असेल अशी मी आशा करते. तुझं आडनाव हवंय आणि तुझी सही. तू इंजिनिअर आहेस, लिफ्टच्या तपासणीतच तुझी उमेदवारी झाली, हे ते सोयीने विसरले आहेत. तू घरात बाबांसमोर कधी चकार शब्द काढला नाहीस, हे मात्र त्यांच्या पक्कं लक्षात आहे. कितीतरी रविवारी ते आपल्याच टेबलावर जेवलेत.

जायचं की नाही ते तू ठरव. गेलीस तर फुकटचा सल्ला घे, वर्गातल्या बायका याचे पैसे देतात. कागदांचा गठ्ठा आला की शेवटाकडून वाच. जिथे "केवळ माहितीसाठी" लिहिलेलं असेल ते पान सगळ्यात आधी. ज्या गोष्टीवर चर्चा नको असते ती तिथे दडवतात. आणि सभेआधी चहा कुठे पितात ते बघून ठेव. निर्णय तिथे होतात, आत नुसता शिक्का बसतो.

थोडा खोकला झाला आहे. बाकी ठीक.

आई

१८ फेब्रुवारी

ठकू,

तुझं पत्र तीनदा वाचलं. एवढं लांब पत्र तू मला वसतिगृहातूनही कधी लिहिलं नव्हतंस.

तू हो म्हणालीस ते बरं केलंस. आणि नुसत्या ओळखीच्या बैठकीत तुझ्या घशाला कोरड पडली याची लाज वाटून घेऊ नकोस. काका अगदी तस्सं "बरं, पुढे" म्हणाले? तोच सूर, तीच खाकर? तुझं वाक्य अर्धं असताना? इतकी वर्षं शेजारी बसून माणूस दुसरं काय शिकणार म्हणा. भिंतीवर बाबांचा फोटो, खुर्ची त्यांची, वर तोंडातून शब्दही त्यांचेच. तू लिहिलंस की तुला एकदम शाळेतल्यासारखं वाटलं, ताटात बघत बसावंसं वाटलं. पोरी, मला माहीत आहे. मी त्या टेबलावर समोरच असायचे.

आता विषय क्रमांक सात. तू पाठवलेलं पान वाचलं. "केवळ माहितीसाठी" मध्येच निघालं ना? कंपनीचा तपासणी विभाग बंद करायचा आणि जुन्या लिफ्ट बघायचं काम बाहेरच्या एजन्सीला द्यायचं. एजन्सीचा माणूस येणार, ब्रेकचे फोटो काढणार आणि पाठवून देणार. तुझ्या पत्रातलं ते वाक्य मी वर्गात वाचून दाखवलं, रागावू नकोस. "ब्रेक जळायला लागला की आधी वास येतो, आणि फोटोत वास येत नाही." वकीलबाईची आई सातव्या मजल्यावर राहते आणि त्यांच्या इमारतीतली लिफ्ट आपल्याच कंपनीची आहे.

हे तुला त्या खोलीत म्हणता आलं पाहिजे. दुसरं काही नाही. सभा बारा मार्चला आहे. तोवर तुझं तोंड उघडलं नाही तर तो विषय दोन मिनिटांत संपेल आणि खाली तुझी सही असेल.

आणि तू शेवटी जे विचारलंस, जे लिहून खोडलंस आणि पुन्हा लिहिलंस. "तू माझ्यासमोर बाबा होशील का? एकदाच. मला त्या आवाजासमोर बोलून बघायचंय."

होईन. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी दुपारी ये. वर्ग नसतो, आपण दोघीच असू.

मनाची तयारी करून ये एवढंच सांगते. हल्ली तो आवाज फार चांगला जमतो. परवा शेजारचे मास्तर जिन्यात भेटले, म्हणाले, "काल दुपारी पाहुणे होते वाटतं? साहेबांचे भाऊ का? आवाज अगदी तसाच." त्या दुपारी वर्ग नव्हता, ठकू. मी एकटी होते, पडदे शिवत होते. मी हो म्हटलं, भाऊच होते. खोटं बोलायला वेळ लागला नाही.

आई

१ मार्च

ठकू,

नीट पोचलीस ना? कळवलं नाहीस.

कालचं सगळं लिहून काढते, म्हणजे तू कुठे अडखळलीस ते तुला दिसेल. वर्गातही मी असंच करते.

पहिल्या फेरीत तू "अध्यक्ष महाराज" म्हणालीस. तसं कोणी म्हणत नाही. मी चष्मा कपाळावर नेला. विषय सातवर तू बोलायला लागलीस तेव्हा तुझे डोळे टेबलावर होते. "बरं, पुढे," मी म्हटलं आणि तू खरंच पुढे गेलीस. पान उलटलंस. मला हसू यायला हवं होतं. आतून कोणालातरी बरं वाटलं, आणि ती मी नव्हते.

दुसऱ्या फेरीत तू वर बघून बोललीस. खर्चाचे आकडे चांगले मांडलेस. "तुम्ही तरुण मंडळी उत्साही असता," असं मी म्हटलं. हे वाक्य मी वर्गात कधी वापरलेलं नाही. कुठून आलं मला माहीत नाही. तू पुन्हा गप्प.

तिसऱ्या फेरीत तू कागद पुढे सरकवलास. आणि मी म्हणाले, म्हणजे माझ्या तोंडून आलं, "हे तुझ्या आईला नेऊन दाखव. तिला वेळ असतो. तिला काय, कशाचंही कौतुक."

हे मी ठरवलं नव्हतं. शप्पथ. असं ते कधी म्हणाले होते का, तेही आठवत नाही. म्हणाले असतील. ऐकून सोडून दिलं असेल, जशी आपण खिडकीबाहेरची वर्दळ सोडून देतो. पण ते ऐकून तू उभी राहिलीस. खुर्ची मागे पडली.

"आईबद्दल असं बोलायचं नाही," तू म्हणालीस.

मी म्हटलं, "बसून बोल."

"नाही बसणार. आईला कळतं. तुम्ही दोन खोल्यांत होता तेव्हा तुमच्या सभा ती लिहायची, आणि तुम्ही जे बोलायचात त्यापेक्षा तिने लिहिलेलं शहाणं असायचं. आणि माझं झालेलं नाही. मी बोलतेय."

मग तू न थांबता सगळं बोललीस. जळका वास, ब्रेकच्या ड्रमवर हात ठेवून थरथर ओळखणारे तपासनीस, फोटो काढून निघून जाणारी एजन्सी, इस्पितळातली लिफ्ट आणि तिच्यात अडकलेलं स्ट्रेचर. मी मध्ये दोनदा "बरं" म्हटलं. तू ऐकलंसही नाहीस. तुझा आवाज एकदाही खाली गेला नाही. मला तुझा केवढा अभिमान वाटला. आणि तोंडातून मात्र काही केल्या माझा शब्द निघेना.

तू पिशवी उचललीस. माझ्या खांद्यावर हात ठेवलास. जिन्यातून पळाल्यापासून पहिल्यांदाच मला शिवलीस. "येते, आई," म्हणालीस. मला म्हणायचं होतं, जपून जा, पोचलीस की कळव, पोळी बांधून देऊ का. आणि मी म्हणाले, "बरं."

त्या आवाजात. तुझं पाऊल पायरीवर थबकलं, मी ऐकलं. मग तू गेलीस.

पोचल्याचं कळव.

आई

७ मार्च

ठकू,

एक चूक झाली आहे आणि ती तुझ्याशिवाय कोणाला सांगून कळणार नाही. लोक म्हणतील बाईचं डोकं फिरलं.

वर्गाचा एक नियम आहे. सभा संपवायची ती अध्यक्षांनीच. कितीही वाद झाला, कोणी रडलं, कोणाची शेवटची बस चुकत असली, तरी मी म्हणते, "इतर विषय नसल्याने सभा संपली." मग उठते, स्वयंपाकघरात जाते आणि चहा घेऊन येते ती मी असते. बायका टाळ्या वाजवतात, बँकवाली म्हणते, "आल्या बाई परत!" एकदाही हे चुकलं नव्हतं. आम्हाला वाटायचं ती शिस्त आहे, सभेचा शिष्टाचार म्हणून. आता कळतंय ती कशासाठी होती.

त्या शनिवारी मी ते म्हटलं नाही. तू गेलीस, मी बसून राहिले. सभा अजून चालू आहे, ठकू.

भाजीवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, "हो साहेब." सकाळी चहा ठेवते तर दोन कप ओतलेले असतात. माझा हात खिशाकडे जातो, चष्म्याच्या डबीसाठी, आणि माझ्या कुठल्याही कपड्याला खिसा नाही. मास्तरांनी दुपारी भिंतीवर टकटक केली, रेडिओ हळू करा म्हणाले. रेडिओ बंद होता.

परवा मी त्या खुर्चीत नीट बसून मोठ्याने म्हटलं, "सभा संपली." त्यांच्याच आवाजात निघालं. आणि त्याच आवाजात पुढे आलं, "पुढची तारीख कळवू." मला दरदरून घाम फुटला. मग हसायलाही आलं, कारण हे अगदी त्यांच्यासारखंच होतं. त्यांनी आयुष्यात कुठलीही गोष्ट पुरी संपवली नाही, पुढची तारीख दिली.

खरं सांगू का? तुला आवडणार नाही. मला त्या आवाजात बरं वाटतं. मी "बरं, पुढे," म्हणते आणि हुशार हुशार बायका गप्प होतात. माझ्या स्वतःच्या आवाजात मी काही म्हटलं तर घरात मांजरसुद्धा वळून बघत नसे. आणि दुसरंही खरं आहे. मला त्यांची आठवण येते. तुझ्यासमोर हे बोलायची चोरी, कारण तुझ्याशी ते वाईट वागले. माझ्याशीही फार चांगले वागले असं नाही. पण घरात एक माणूस होता. खाकरायचा, जिना चढताना कुरकुरायचा, माझ्या चहाला नावं ठेवून दोनदा मागायचा. आता तो आवाज माझ्याच गळ्यात आहे. तो घालवायला मी मनापासून प्रयत्न करतेय का, हे मला सांगता येत नाही.

म्हणून सभेआधी इकडे येऊ नकोस. पुन्हा सराव हवा म्हणालीस, नको. तू दारात उभी राहिलीस आणि मी तुला तोडलं, आणि ते घेऊन तू तिकडे गेलीस तर? तुझ्या घरूनच जा. पोटभर खाऊन जा.

बोलणं झालं आणि तरी ठराव रेटला, तर म्हण, "माझा विरोध इतिवृत्तात कारणांसह लिहावा." कंपनीच्या सचिवबाई लिहितील. त्या माझ्याच वर्गाच्या, पहिल्या वर्षाच्या.

हे सगळं मी माझ्या हाताने लिहिते आहे. लिहिताना अजून माझीच राहते, एवढं बरं आहे.

आई

१५ मार्च

ठकू,

तू फोनवर "झालं, ठीक झालं," म्हणालीस आणि ठेवलास. मला वाटलं हरलीस आणि लपवतेयस. दोन दिवस जीव टांगणीला. शेवटी काल सचिवबाई स्वतः आल्या. म्हणाल्या, "ती सांगणार नाही बाई, म्हणून आले."

त्यांनी सगळं सांगितलं. विषय सात माहितीसाठी आहे, चर्चेसाठी नाही, असं काका म्हणाले आणि तू म्हणालीस, तो चर्चेला घ्या अशी माझी सूचना आहे. कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्या संचालकांनी अनुमोदन दिलं, बहुधा ऐकू कमी आल्यामुळे. मग तू बोललीस. काका म्हणाले, "बरं, पुढे." तू म्हणालीस, "पुढे नाही, काका, माझं वाक्य राहिलंय." आणि पुरं केलंस.

मग म्हणे काका मागे रेलले, भिंतीवरच्या बाबांच्या फोटोकडे बोट केलं आणि हसून म्हणाले, "साहेब असते ना, तर हा विषय दोन मिनिटांत संपला असता."

सचिवबाई म्हणाल्या, त्यांचं लिहिणं तिथे थांबलं. सगळे तुझ्याकडे बघत होते. तू शांतपणे म्हणालीस, "ते नाहीत, काका. ते गेले. आता त्या खुर्चीत तुम्ही आहात. एखादी लिफ्ट पडली तर फोटो उत्तर द्यायला जाणार नाही. तुम्हाला जावं लागेल, आणि मला."

काका म्हणे चष्मा काढून पुसत राहिले. मग म्हणाले, "इतके दिवस हे मला कोणी म्हणालं नव्हतं," आणि विषय मागे घेतला. तपासणी विभाग राहिला. सचिवबाईंनी हे सांगितलं आणि मी त्यांच्यासमोर पदर तोंडाला लावून हमसाहमशी रडले. त्यांना वाटलं आनंदाने. होताच आनंद. तुझ्या त्या तपासनीसांची कामं राहिली, वकीलबाईची आई खाली उतरून फिरायला जाईल आणि वर येईल. तू हे केलंस. मी तुला शिकवलं असं म्हणायची सोय नाही, कारण ते वाक्य मला सुचलं नसतं. दोन वर्षांत सुचलं नव्हतं.

आज सकाळी मी सगळ्या बायकांना बोलावलं. नियमाप्रमाणे अध्यक्ष आले नसतील तर हजर असलेल्यांनी आपल्यातून एक निवडायचा. ही तरतूद मी कितीदा शिकवली असेल. पण त्याआधी कोणीतरी सांगावं लागतं की अध्यक्ष अनुपस्थित आहेत, आणि ते मीच सांगणं भाग होतं. मी भिंतीकडच्या साध्या खुर्चीत बसले. मोठी खुर्ची रिकामी. बायकांनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं आणि खाकर आली. त्यांची. रसायनवालीने बँकवालीचा हात धरला. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा "बरं," आलं. मग मी डोळे मिटले आणि तुझं वाक्य घेतलं, जसं सचिवबाईंनी सांगितलं होतं तसं.

"ते नाहीत," मी म्हटलं. "ते गेले."

माझा आवाज होता, ठकू. किनरा, थोडा चिरका. किती दिवसांनी ऐकला.

बँकवालीला अध्यक्ष केलं. पक्की बाई, ती लगेच कामाला लागली. म्हणाली, शनिवारची सभा बंद करायची तर आधी उपस्थिती लिहू, त्या दिवशी कोण कोण होतं? मी म्हटलं, माझी मुलगी होती आणि मी होते. आणखी कोणी? तिने विचारलं. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, आणखी कोणी नव्हतं. तिने सभा संपल्याचं जाहीर केलं. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. चहा रसायनवालीने केला.

आता दुपार आहे. सगळ्या गेल्या. मला वाटलं होतं हलकं वाटेल. नाही वाटलं. मघाशी मी न्हाणीघरात जाऊन, आरशात बघून, एकदाच, हळूच "बरं, पुढे," म्हणून पाहिलं. काही आलं नाही. नुसती एक म्हातारी काहीतरी पुटपुटत होती. त्यांचा आवाज कसा होता ते आठवायला बसले तर तेही नीट आठवेना. इस्पितळातून परत आलो तेव्हा घरी माणसं होती, कागद होते, काका होते, तू होतीस. ते गेले हे मला त्या दिवशी कळलंच नव्हतं. आज कळलं.

मास्तरांनी भिंतीवर टकटक केली नाही. घर इतकं गप्प आहे की पेनाचा आवाज येतो.

पुढच्या रविवारी येशील का? सरावाला नाही. विषयपत्रिका नाही, कुठला सल्ला नाही. तुझ्याशी काय बोलायचं, कुठून सुरुवात करायची, मला काही ठाऊक नाही. इतक्या बायकांची तयारी करून घेतली आणि माझी स्वतःची काहीच झालेली नाही. तरी ये.

आई